घरातली प्रार्थना मुलांना आपली कशी वाटेल?

मोगरा_सोलापूर

जय ख्रिस्त सगळ्यांना. लिहू की नको, लिहू की नको, असं करत पंधरा दिवस घालवले. आज रात्रपाळी नाही, घर झोपलंय, म्हणून लिहायला बसले.

आम्ही सात रस्त्याजवळ राहतो. मी नर्स आहे, मिस्टर विम्याचं काम करतात. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी आठ वर्षांची. सासूबाई होत्या तोवर रोज रात्री आठला कौटुंबिक प्रार्थना व्हायची. एक गीत, शास्त्रपाठ, मग सासूबाईंची प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" ती. त्यांचा आवाज इतका मऊ होता की मुलं आपोआप येऊन बसायची. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि ते काम माझ्याकडे आलं. मी काय केलं? "टीव्ही बंद. मोबाईल इकडे दे. नीट बस. डोळे मीट." ड्यूटीवर वॉर्डात बोलते तसंच घरात बोलायला लागले.

संक्रांतीच्या आधी भोगीच्या रात्री प्रार्थना संपली आणि लगेच गॅस सिलिंडरच्या पैशावरून मी मिस्टरांवर ओरडले. मुलगा उठता उठता म्हणाला, "आई, आमेन म्हणून दोन मिनिटंपण झाली नाहीत. मग मघाशी देवाशी कोण बोलत होतं?"

माझा हात उठला. त्याच्या गालावर बसला. तो रडला नाही. खोलीत गेला आणि तेव्हापासून प्रार्थनेला बसतो, पण भिंतीकडे बघत बसतो.

त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट. धाकटी जेवताना म्हणाली, "कडक भाकरी महिनाभर टिकते ना? मग देवाकडे रोजची भाकर रोज कशाला मागायची? एकदाच महिन्याची मागू." मी दमलेली होते. "गप जेव" म्हटलं. नंतर रात्री वॉर्डात सलाईन लावताना तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. किती सुंदर प्रश्न होता आणि मी त्यावर झाकण ठेवलं.

तुमच्या घरात हे कसं चालतं? तुमच्या आईवडिलांनी काय केलं? "मुलाला प्रार्थनेत ठेवा" एवढंच कृपया लिहू नका. ते मी रोज करते. करायचं काय ते सांगा.

रविवारची_बाई

मोगराताई, आधी एक सांगते. ज्या मुलाला तुमच्या वागण्यातली विसंगती दिसली, त्याने प्रार्थना मन लावून ऐकलेली आहे. न ऐकणाऱ्याला ती दिसत नाही.

मी एकोणीस वर्षं रविवार शाळेत शिकवते. आठवड्याचे १६८ तास असतात, त्यातला एक माझ्या वाट्याला येतो. त्या तासात मी मुलांकडून वचन पाठ करून घेऊ शकते, नाताळची नाटुकली बसवू शकते, दाविदाची गोफण कागदाची करून दाखवू शकते. पण राग आल्यावर माणूस काय करतो, कामवाल्या मावशींशी कसं बोलतो, उसने पैसे कधी परत करतो, हे त्या तासात दिसत नाही. ते उरलेल्या १६७ तासांत दिसतं आणि मुलं तिथूनच शिकतात.

रविवार शाळा मुळात घराची जागा घ्यायला निघालीच नव्हती. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्स यांनी १७८० च्या सुमाराला ती सुरू केली ती आठवडाभर कामावर राबणाऱ्या पोरांसाठी. रविवारी एकच दिवस सुट्टी, त्या दिवशी त्यांना अक्षरओळख व्हावी, वाचता यावं, पवित्र शास्त्र स्वतः उघडता यावं म्हणून. आपण मात्र आता सगळंच तिच्यावर सोपवून मोकळे झालोय. पालक मला विचारतात, "बाई, तुम्ही एवढं शिकवता, तरी हा असा कसा?"

पवित्र शास्त्रातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांच्या मनावर वचनं बिंबवायला सांगितलंय, तिथे वेळ कोणती दिली आहे ते बघा. घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजता, उठता. बसणं, चालणं, झोपणं, उठणं. यात रात्री आठ कुठेच नाही! आठची प्रार्थना चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण बाकीचा दिवस कोरडा ठेवून सगळं पाणी आठ वाजता ओतलं तर ते वाहूनच जाणार.

आता भाकरीचं. धाकटीला जवळ घ्या आणि निर्गम या पुस्तकातला सोळावा अध्याय गोष्टीसारखा सांगा. रानात लोकांना देवाकडून मान्ना, म्हणजे खायला अन्न, मिळायचा. प्रत्येकाने त्या दिवसापुरताच गोळा करायचा. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला, त्यात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती, आणि तो मात्र टिकायचा. मग तिलाच विचारा, देवाला महिन्याचा मान्ना एकदम देता आला नसता का? उत्तर तुम्ही देऊ नका. तिला दोन दिवस विचार करू द्या. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा ती पुढे जाईल.

थोरली_आत्या

बाळ, तुझं लिहिणं वाचून डोळे भरून आले. मी बहात्तरची आहे. नातवाने मोबाईलवर मराठी टाईप करायला शिकवलंय, चुका पोटात घाल.

माझे वडील जुन्या मिलमध्ये होते. १८७७ साली सुरू झालेली ती मिल, सोलापूरचं घड्याळच म्हण ना. भोंगा झाला की शहर उठायचं. आमच्या घरात पहिल्या भोंग्याला आई चुलीपुढे बसायची आणि जाळ लागेपर्यंत प्रार्थना करायची. डोळे मिटून नाही बरं का, फुंकणी हातात घेऊन. धुराने डोळ्यांत पाणी आलेलं असायचं आणि तोंडाने चाललेलं, "प्रभू, आज यांच्या हाताला जप, पट्ट्यात हात जाऊ देऊ नको." मी गोधडीत पडल्या पडल्या ऐकायचे. प्रार्थना म्हणजे काय हे मला कुणी शिकवलं नाही. प्रार्थना म्हणजे माझ्या वडिलांचा हात मिलच्या पट्ट्यात जाऊ नये, एवढंच मला माहीत होतं. आजही मी कुणासाठी प्रार्थना करायला लागले की आधी त्यांचे हात डोळ्यांपुढे येतात.

आईला वाचता येत नव्हतं. मिशनच्या बायबलबाई दुपारी यायच्या, गोष्ट सांगायच्या. आई ती गोष्ट संध्याकाळपर्यंत जात्यावर बसवायची. तिने स्वतः केलेली एक ओवी अजून आठवते:

पहिली माझी ओवी गं, बेथलेहेम गावाला
गाईच्या गव्हाणीत गं, देव निजायाला गेला

दुसरी माझी ओवी गं, मेंढक्या पोरांना
राजवाडा सोडूनी गं, देव भेटे थोरांना-पोरांना

दुसरीत चाल जरा लांबते, पण आई ती तशीच ओढून म्हणायची. जातं गेलं, पिठाची गिरणी आली, ओव्याही गेल्या. पण माझ्या नातीला झोपवताना अजून मी हीच म्हणते. तुझ्या सासूबाईंचा आवाज मऊ होता म्हणतेस. त्या कोणतं गीत म्हणायच्या? ते तू म्हण. आवाज चांगला नसला तरी म्हण. मुलांना आजी आठवेल.

आणि ती थप्पड. माझ्या आईनेही एकदा मला मारलं होतं, चुकीने. दूध मांजराने सांडलं होतं. खरं कळल्यावर ती माझ्यापुढे येऊन बसली, नाकात शेंबूड, पदराने डोळे पुसत म्हणाली, "चुकले गं. तू मला माफ कर, मग मी देवाकडे मागते." साठ वर्षं झाली. पाठ केलेली कितीतरी वचनं विसरले, हे नाही विसरले. क्षमा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

कोथरूडहून

मी मूळचा सोलापूरचा, आता पुण्यात आहे. वेगळा अनुभव लिहितो, कुणाचं मन दुखवायचं नाही.

आमच्या घरी प्रार्थना चुकली की जेवण नाही, असा नियम होता. एका रविवार शाळेत वचन चुकलं की हातावर पट्टी बसायची. "देव प्रीती आहे" हे वचन मी पट्टी खात पाठ केलंय. अठराव्या वर्षी हॉस्टेलला गेलो आणि त्यानंतर वीस वर्षं कुठल्याच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाऊल टाकलं नाही. वडील गेले तेव्हा गेलो, तेवढंच.

मला देवाचा राग नव्हता. पण देव आणि वडिलांचा आवाज हे माझ्या डोक्यात एकच झाले होते. ते वेगळे करायला मला वीस वर्षं लागली, अजून पूर्ण झालेलं नाही. इफिसकरांस पत्रात आहे ना, बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका, ते वाक्य आमच्या घरात कधी वाचलं गेल्याचं मला आठवत नाही. त्याच्या आधीचं मात्र, मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं हे, दर आठवड्याला.

तुमचा मुलगा भिंतीकडे बघतो. मी त्याच्या वयात डोळे मिटून बसायचो आणि मनात क्रिकेटचा स्कोअर मोजायचो. त्याचं भिंतीकडे बघणं जास्त प्रामाणिक आहे. त्याला बसायची सक्ती करू नका, ही कळकळीची विनंती.

रविवारची_बाई

कोथरूडहून, तुम्ही हे इथे लिहिलंत त्याबद्दल आभार. पट्टी मारणाऱ्या शिक्षकांच्या वतीने मी माफी मागू शकत नाही, पण त्याच कामातली एक बाई म्हणून मागते.

सक्तीवरून आठवलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. मधली पाच वर्षं! एवढा मोठा कवी, एवढी भाषा हाताशी, पण बायकोच्या मनाला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागलाच. आपण तेरा वर्षांच्या पोराकडून आठवड्यात उत्तर मागतो.

टॉवेलवाला

ताई, अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा छोटा कारखाना आहे. टेरी टॉवेलचे माग आहेत. मला शास्त्रातलं फार बोलता येत नाही, माझ्या कामातलं सांगतो.

टॉवेलला ताण्याची दोन बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले रूळ, लागतात. एक खालच्या कापडाचं आणि एक वरच्या लूपचं. खालचा ताणा घट्ट ओढून ठेवायचा. वरचा सैल सोडायचा. तो सैल असतो म्हणून लूप उठतो, म्हणून टॉवेल पाणी पितो. दोन्ही घट्ट केले तर नुसतं कापड निघेल, अंग पुसलं जाणार नाही. दोन्ही सैल सोडले तर कापडच उभं राहणार नाही. माझा थोरला मुलगा सोळाचा झाला तेव्हा मी मंडळीत येण्यावरून त्याच्याशी रोज भांडायचो. एके दिवशी मागापुढे उभा होतो आणि मनात आलं, मी दोन्ही बीम आवळून बसलोय. घट्ट काय ठेवायचं ते मी स्वतःचं ठेवावं. माझी प्रार्थना, माझा शब्द, माझं वजनमाप. पोराला थोडं सैल सोडावं.

वजनमाप म्हटलं ते यासाठी. एका व्यापाऱ्याने सांगितलं, लेबल तेच ठेवा, वजन थोडं कमी करा, गिऱ्हाईकाला हाताला कळत नाही. मोठी ऑर्डर होती. मुलगा ऑफिसात अभ्यास करत बसला होता, त्याच्या कानावर गेलं. मी नाही म्हटलं. ऑर्डर गेली, तो महिना कामगारांच्या पगाराला ओढाताण झाली. घरी येताना गाडीवर मागे बसून तो काही बोलला नाही. आठवड्याने विचारलं, "पप्पा, ते येशूमुळे नाही म्हटलं की गिऱ्हाईक तुटेल म्हणून?" मी म्हटलं, "दोन्ही होतं. पण पहिलं नसतं तर नुसत्या दुसऱ्यासाठी मी नाही म्हटलं नसतं." खरं होतं तेच सांगितलं. त्याला खोटं लगेच कळतं.

आणखी एक. येशूचा अंगरखा शिवण नसलेला, वरपासून सबंध विणलेला होता असं योहानाच्या शुभवर्तमानात लिहिलंय, एकोणिसाव्या अध्यायात. शिपायांनी तो फाडला नाही, चिठ्ठ्या टाकल्या. हे मी मुलांना मागापुढे उभं करून सांगितलं. शिवण नाही म्हणजे कुणीतरी किती तास बसून तो विणला असेल, हे आमच्या घरात पटकन कळतं. थोरला म्हणाला, "म्हणजे कुणा तरी विणकराचं काम क्रूसापाशी होतं." मी हा विचार आयुष्यात केला नव्हता. पोरगा सोलापूरचा आहे, त्याला सुचला.

तुमच्या मुलाला कधी कारखाना बघायचा असेल तर घेऊन या.

मोगरा_सोलापूर

सगळ्यांचे आभार. आत्याबाई, तुमचं वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले.

काल रात्री मुलाच्या खोलीत गेले. खाली जमिनीवर बसले, कारण उभी राहिले असते तर पुन्हा वॉर्डातला आवाज आला असता. म्हटलं, "त्या दिवशी मी तुला मारलं ते चूक होतं. आणि तू जे विचारलंस ते बरोबर होतं. मला उत्तर नव्हतं म्हणून हात उठला." तो मोबाईलमध्ये बघत "बरं" म्हणाला. एवढंच. मी उठून आले. काही चमत्कार वगैरे झाला नाही. पण मला हलकं वाटलं.

मिस्टरांचीही माफी मागितली, मुलांसमोर. ते सिलिंडरचे पैसे त्यांनी खरंच भरले होते.

शेजारधर्म

मी ख्रिस्ती नाही, पण धागा वाचत होतो आणि राहवलं नाही. आमच्याकडे दिवेलागणीला शुभंकरोति आणि परवचा असायचा. पाढे, वार, महिने, नक्षत्रं, सगळं एका दमात. आजोबा ओट्यावर बसून म्हणवून घ्यायचे. आता माझ्या घरात त्यातलं काही नाही, मुलं क्लासला असतात तेव्हा. म्हणून तुमची आठची वेळ वाचून मला थोडा हेवाच वाटला.

एक विचारतो, राग मानू नका. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब आहे. भोगीला माझी बायको त्यांच्याकडे बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी देते, नाताळला त्यांच्याकडून करंज्या आणि केक येतो. पण गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेला त्यांची मुलं आमच्या मुलांबरोबर यायला बघतात आणि घरात वाद होतो. तुम्ही मुलांना हे कसं समजावता?

मोगरा_सोलापूर

राग कशाला? हा प्रश्न आमच्या घरात दर जानेवारीला येतो. सोलापूरच्या पोराला गड्डा नको म्हणणं अवघड आहे हो. होम मैदानावरचे पाळणे लांबून दिसतात, आवाज घरापर्यंत येतो. आम्ही नेतो. पाळणे, भेळ, खेळणी. देवळात पूजेला मुलं जात नाहीत, हे त्यांना माहीत आहे, आणि का जात नाहीत तेही माहीत आहे.

झोपडीतला_दिवा

मी सहमत नाही. यात्रा ही यात्रा आहे, तिचा देवाशी संबंध आहेच. मुलांना पाळण्याचं निमित्त सांगून आपण रेघ पुसट करतो. आमच्या घरी आम्ही त्या दिवसांत मुलांना आजोळी नेतो. कुणाला वाईट बोलत नाही, पण जातही नाही. प्रत्येक घराने आपापल्या विवेकाप्रमाणे करावं.

पूर्व_भागातला

आमचे वडील गड्ड्याला न्यायचे. सात नंदीध्वजांची मिरवणूक समोरून जायची तेव्हा ते आम्हाला बाजूला घेऊन शांत उभं करायचे. टोपी काढायचे नाहीत, हात जोडायचे नाहीत, पण हसायचे-बोलायचेही नाहीत. घरी आल्यावर विचारलं तेव्हा म्हणाले, "हे लोक आपले शेजारी. त्यांच्या मनात जे मोठं आहे त्यापुढे आपण गप्प राहायचं. आपल्या मनात जे मोठं आहे ते आपण मंडळीत म्हणायचं." मला ते पुरेसं वाटलं. आजही वाटतं. झोपडीतला_दिवा, तुमचाही मान ठेवतो.

मला दुसरंच विचारायचं आहे. आम्ही तेलुगू. आई घरात तेलुगूत प्रार्थना करते, मंडळीत मराठी, मुलं इंग्रजी माध्यमात. माझा मुलगा प्रार्थना इंग्रजीत म्हणतो आणि ती नेहमी शाळेत पाठ केलेली असते, त्याची स्वतःची नसते. भूक लागली की तो तेलुगूत बोलतो, भांडताना मराठीत. मग देवाशी कोणत्या भाषेत?

थोरली_आत्या

पडल्यावर, लागल्यावर तो ज्या भाषेत "आई गं" म्हणतो, त्या भाषेत. पंडिता रमाबाई केवढ्या विदुषी, संस्कृतच्या पंडिता, पण आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत केडगावला बसून त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी केलं, साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, आणि ते पुरं छापून आलं १९२४ साली. भाषेसाठी एवढा जीव ओतला त्यांनी. तू लेकराला त्याच्या आजीची भाषा दे.

माहेर_वसई

मी कॅथलिक, वसईची, लग्नानंतर सोलापुरात. आमच्याकडे रोझरी, म्हणजे जपमाळ, असते, पण रोजची पूर्ण पन्नास 'नमो मरिया' मुलांकडून म्हणवून घेणं मला जमत नाही. मी शाळेत सोडताना स्कूटरवर एकच दहाचा टप्पा म्हणते. ट्रॅफिक असेल तर दोन. मुलगी मागून माझ्या पोटाला धरून बसते आणि मोजते. दुसरं म्हणजे रात्री झोपताना मी विचारते, "आज कुणाला भेटून बरं वाटलं? कुणाशी वाईट वागलीस?" बस. प्रार्थना तिथून आपोआप सुरू होते. माझी आई असंच करायची.

कोथरूडहून

माहेर_वसई, तुमचा दुसरा प्रश्न मला लहानपणी कुणी विचारला असता तर बरं झालं असतं.

मोगरा_सोलापूर

अडीच महिन्यांनी परत आले. माफ करा, मध्ये ड्यूटी आणि परीक्षा दोन्ही होतं. काल ईस्टर झालं, पहाटेच्या उपासनेला चौघंही गेलो.

आठची सक्ती मी सोडली. आता ज्या दिवशी पाणी येतं (आमच्याकडे चार-पाच दिवसांआड येतं, आणि नेमकं दुपारी) त्या दिवशी बादल्या, पिंप, टाकी भरून झाल्यावर आम्ही ओट्यावर बसतो. दमलेले असतो, हात ओले असतात. एकदा तिथेच येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट निघाली, योहानाच्या चौथ्या अध्यायातली. धाकटीने विचारलं, "ती दुपारीच का गेली पाण्याला? ऊन लागत नव्हतं का?" थोरला म्हणाला, "सकाळी बाकीच्या बायका असतील ना. तिला त्यांना तोंड द्यायचं नसेल." कुठून कळलं त्याला? शास्त्रात तसं सरळ लिहिलेलं नाही, पण त्याने स्वतःच्या डोक्याने ती बाई पाहिली. मी बोलले काहीच नाही. मार्चचं ऊन होतं, चाळीसच्या जवळ. विहिरीवर दुपारी जाणं म्हणजे काय ते त्या दिवशी सोलापूरच्या ओट्यावर चांगलंच कळत होतं.

मान्नाचं उत्तर धाकटीने पाच दिवसांनी दिलं. ज्वारीची भाकरी थापत होते, ती परातीजवळ बसली होती. पिठाला ती बोटाने नक्षी काढते, रोज. म्हणाली, "महिन्याची एकदम दिली तर आपण महिनाभर त्याच्याकडे येणारच नाही." मी भाकरी तव्यावर टाकायची विसरले. हातातच राहिली, कड फाटली.

थोरल्याचं काय? तो अजून डोळे मिटत नाही. प्रार्थना मोठ्याने करत नाही. पण मार्कचं शुभवर्तमान वाचायला लागलाय, स्वतःहून, रोज अर्धा अध्याय, मोबाईलवर. गुड फ्रायडेला उपासनेहून येताना त्याने विचारलं, "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, असं येशू म्हणाला. मग त्याचाही विश्वास गेला होता का?" मला पूर्वीसारखं लगेच काहीतरी बोलावंसं वाटलं. थांबले. मग खरं तेच सांगितलं. वॉर्डात रात्री तीन वाजता पेशंट हेच म्हणतात, वेगळ्या शब्दांत. मी त्यांचा हात धरून बसते. त्यांना समजावत नाही. आणि ज्याला आपण हाक मारतो तो आहे, असं वाटतं म्हणूनच माणूस "का?" असं विचारतो. भिंतीला कुणी विचारत नाही. ते वाक्य बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे, एवढं मला माहीत होतं. घरी येऊन आम्ही ते स्तोत्र शेवटपर्यंत वाचलं. शेवट पहिल्यापेक्षा फार वेगळा आहे. तो म्हणाला, "म्हणजे त्याला पुढचं पाठ होतं." मग बराच वेळ गप्प बसला. मीही.

भांडणं अजून होतात. परवाच झालं. पण आता आमेन झाल्यावर मी जरा बसून राहते, लगेच उठत नाही. आत्याबाई, सासूबाईंचं गीत म्हणते मी. दुसऱ्या कडव्याला सूर जातो, तिथे मिस्टर सांभाळून घेतात.

टॉवेलवाले दादा, शनिवारी कारखाना सुरू असतो का? मुलगा विचारतोय. त्याला ती दोन बीम बघायची आहेत.

टॉवेलवाला

असतो. दहानंतर या. या शनिवारी नवीन बीम चढवायचं आहे, ताणा फणीतून भरताना बघायला मिळेल. धाकटीलाही आणा, पण ओढणी, मोकळे केस नको, मागाजवळ धोका असतो. जेवूनच जा.